नवतपात एसएसडीला हीटसिंक लावताना

लग्नाचा सीझन आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, आमच्याकडे एकदमच येतात. बाहेर ४५ अंश, आणि फोनवर नवरीची मावशी: "व्हिडिओ कधी देता मग?" मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. घर नागपुरात मानेवाड्याकडे, तिसरा मजला, वर नुसता स्लॅब. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्री अकरापर्यंत डोक्यावर आग ओकत असतो. त्याच्याच खाली, खिडकीतल्या कुलरपासून चार हातांवर, माझा पीसी.

मेच्या २४ तारखेला उमरेडकडच्या एका लग्नाचं फुटेज हातात होतं. हळदीपासून बिदाईपर्यंत तीन कॅमेरे आणि एक ड्रोन मिळून साडेचारशे जीबी. एका एनव्हीएमई ड्राइव्हवरून, म्हणजे वेगवान एसएसडीवरून, दुसरीवर कॉपीला लावलं आणि तर्री पोहे घेऊन बसले. सात-आठ मिनिटांचं काम. पोहे संपले, चहा झाला, आईशी कुलरच्या पाण्यावरून एक छोटं भांडणही झालं, तरी कॉपी चालूच. जवळ जाऊन पाहिलं तर स्पीडचा आलेख करवतीसारखा दिसत होता. सेकंदाला नऊशे एमबी, दोनशे, नऊशे, दीडशे. पंचवीस मिनिटांनी एकदाचं संपलं.

आधी मी ड्राइव्हलाच शिव्या घातल्या. मग आलेख नीट पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला सेकंदाला दोन जीबीच्या आसपास सपाट रेघ आणि मग एकच पायरी उतरून नऊशेवर, हा गरमीचा प्रकार नाही. आजकालच्या बहुतेक एसएसडी आपल्या फ्लॅशचा, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चिपांचा, काही भाग तात्पुरता कॅश म्हणून वापरतात, तिथे भराभर लिहून घेतात, आणि तो भरला की खऱ्या वेगावर येतात. ती पायरी हिवाळ्यातही दिसणार. त्याच्या पुढचे करवतीचे दाते मात्र गरमीचे. कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप, तापला की ड्राइव्ह स्वतःच हात आखडते, थोडी निवली की पुन्हा धावते, पुन्हा तापते. स्पीड कमी झाला म्हणून लगेच हीटसिंक, म्हणजे चिपांची उष्णता ओढून हवेत सोडणारी धातूची पट्टी, आणायला धावणाऱ्यांनी आधी आपली पायरी आहे की करवत, हे पाहून घ्यावं. पायरीवर हीटसिंक लावून काही होत नाही.

ड्राइव्हची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं, तापमानाचा चौकोन लाल. ८४. एचडब्ल्यूइन्फो या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच ड्राइव्हचे दोन वेगळे आकडे दिसत होते, एक ८४ आणि एक ६७. नागपूरच्या माणसाला सेन्सरचं कौतुक सांगू नये. मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्यामुळे आधी संशयच आला. पण इथे दोन्ही आकडे खरे असावेत. ड्राइव्हवर एकापेक्षा जास्त जागी तापमान मोजलं जातं आणि कंट्रोलर व फ्लॅश यांच्यात इतका फरक पडू शकतो.

खरी साक्ष मिळाली ती स्मार्टसीटीएलमध्ये. काळ्या खिडकीत एक कमांड टाकली की ड्राइव्ह आपली सगळी कुंडली ओकते. माझ्या ड्राइव्हची सावधगिरीची मर्यादा तिच्या स्वतःच्याच नोंदीत ८३ अंश होती, गंभीर मर्यादा ८८. त्याखाली एक ओळ होती, आयुष्यभरात या मर्यादेवर किती मिनिटं काढली त्याची. गंभीरच्या पुढे शून्य होतं. सावधगिरीच्या पुढे ४१२.

४१२ मिनिटं म्हणजे जवळजवळ सात तास. दीड वर्षाची ड्राइव्ह, म्हणजे फार नाही, पण यातले बहुतेक मागच्या महिन्याभरातले असणार. हा आकडा मी खडूने कॅबिनेटच्या दारावर आतून लिहून ठेवला.

ड्राइव्हची जागाच वाईट. माझ्या मदरबोर्डावर एम डॉट टूचे, म्हणजे अशा ड्राइव्ह बसवायचे, दोन स्लॉट आहेत. वरच्यावर बोर्डाच्या कंपनीचंच अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, त्यात विंडोज आणि एडिटिंगच्या तात्पुरत्या फायलींची कॅश. खालचा थेट ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली, उघडा बोडका, त्यात फुटेज. रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढणं, लागला की कार्ड तापतं आणि त्याची सगळी धग ड्राइव्हच्या अंगावर. माझा मावसभाऊ म्हणाला, दोघींची अदलाबदल कर, फुकटात काम होईल. झालंही असतं थोडंफार. पण एडिटिंगमध्ये कॅशची ड्राइव्ह फुटेजच्या ड्राइव्हपेक्षा काही कमी राबत नाही. एकीची धग दुसरीच्या गळ्यात मारायची, एवढंच.

म्हणून हीटसिंक. पण किती उंचीचा? कार्ड आणि ड्राइव्ह यांच्यात जागा किती आहे हे कार्ड बसलेलं असताना दिसत नाही, आणि कार्ड काढलं की मोजायला काही उरत नाही. फटीत पट्टी जात नव्हती. काडी घालून पाहिली, ती वाकडी गेली. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. मी तिच्याकडून सुपारीएवढा कणकेचा गोळा मागून आणला.

"कायले?" आई म्हणाली.

"कॉम्प्युटरला."

तिने काही विचारलं नाही. या घरात अशा प्रश्नांची उत्तरं ऐकून ती दमलेली आहे.

पीसी बंद केला, प्लग काढला, मग पॉवरचं बटण एकदा दाबून आतला उरलासुरला करंट घालवला. पंखा जरासा फुरफुरतो तेव्हा कळतं. मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की पॉलिस्टरचा दुपट्टा काढताना चटचट आवाज येतो. तो बाजूला ठेवला, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावला आणि मग कार्डाचे दोन स्क्रू काढले. कार्ड स्लॉटात अडकवून ठेवणारा जो खटका असतो तो नेमका कार्डाच्याच खाली दडलेला, बोट जात नाही. तिथे स्टीलचं काही घालण्यापेक्षा लाकडी चमच्याचा दांडा बरा. खटका दाबला, कार्ड सरळ वर उचललं.

कणकेचा गोळा पन्नीत गुंडाळून ड्राइव्हवर ठेवला, कार्ड परत बसवलं, पुन्हा काढलं. गोळ्याची चकती झाली होती. शाळेची पट्टी लावून मोजली, ११ मिमी. म्हणजे चिपा आणि हीटसिंक यांच्यामधल्या मऊ पॅडसकट दहाच्या आतच काहीतरी हवं. त्याच फेरीत ड्राइव्ह काढून उलटीपालटी करून पाहिली. लांबी ८० मिमी, रुंदी २२, म्हणजे नेहमीचंच माप, २२८०. चिपा एकाच बाजूला, पाठ कोरी. हे पाहणं महत्त्वाचं, कारण काही मोठ्या क्षमतेच्या ड्राइव्हना दोन्ही बाजूंनी चिपा असतात आणि त्यांना खालचा पॅडही तितकाच जपून लावावा लागतो.

संध्याकाळी सहानंतर अ‍ॅक्टिव्हावर बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले. तोंडाला स्कार्फ, हातमोजे, तरी सीटने चटका दिलाच. मोदी नंबरच्या गल्ल्यांत कॉम्प्युटरची दुकानं आहेत. पहिल्या दोन ठिकाणी नकार, तिसऱ्यात मुलाने काउंटरवर एक मोठं धूड ठेवलं. वर दोन पाइप, छोटा पंखा.

"हे घ्या ना मॅडम. लाइट पण लागते याच्यात."

"उंची किती?"

"उंचीचं काय, बसून जाते."

मी पर्समधून पट्टी काढली. मुलगा हसला, पण मागे सरकला. बावीस मिमी. माझ्या कार्डाने ते नरड्याशीच अडवलं असतं. त्याने मग खालच्या खणातून एक चपटा काढला, ८ मिमी, साडेतीनशे रुपये, धूळ खात पडलेला. "हा कोणी घेत नाही," तो म्हणाला, "दिसत नाही ना काही." मी तोच घेतला. काचेच्या दाराच्या कॅबिनेटांनी हीटसिंकचा दागिना करून टाकलाय, त्यात चपट्याला कोण विचारणार.

घरी आल्यावर खोक्यातलं सगळं जुन्या पेपरवर मांडलं. खाली पातळ पत्र्याचा ट्रे, वर खाचा पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दोन पॅड, मोहरीपेक्षा जरा मोठे चार स्क्रू आणि एक खेळण्यातला वाटावा असा स्क्रूड्रायव्हर. एक पॅड अर्ध्या मिमीचा, दुसरा एका मिमीचा. पॅड म्हणजे करड्या रंगाची, रबरासारखी मऊ, थोडी तेलकट पट्टी. त्याचं काम एकच, चिपांच्या उंचीतले फरक भरून काढणं. माझ्या ड्राइव्हवर पिनांच्या बाजूला कंट्रोलर आहे, नखाएवढा, आणि तो शेजारच्या फ्लॅश चिपांपेक्षा किंचित बुटका. वरून पातळ पॅड लावला तर अ‍ॅल्युमिनियम फ्लॅशवर टेकेल आणि ज्याला खरी गरज आहे तो कंट्रोलर कोरडाच राहील. म्हणून जाड पॅड वर, पातळ खाली आधाराला. फ्लॅशला थोडी ऊब चालते, कंट्रोलरला चालत नाही. थंडावा द्यायचा तर त्याला.

ड्राइव्हवरचा स्टिकर काढायचा की नाही, हा एक मोठा वाद आहे. मी काढला नाही. एक तर त्याच्यासोबत वॉरंटी जाण्याची भीती. दुसरं, काही कंपन्या स्टिकरमध्येच तांब्याचा पातळ थर घालतात, तो उष्णता पसरवायलाच असतो. आणि साधा कागदी असला तरी त्याने पडणारा फरक माझ्या कामापुरता सोसण्यासारखा.

इथे बाबा आले.

"काय करून राहिली गं?"

बाबांचं आणि हीटसिंकचं नातं माझ्यापेक्षा जुनं. १९८० च्या दशकात ते नोकरी सांभाळून संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे. गणपती मंडळांचे, लग्नांचे. त्यातला एक अजून माळ्यावर आहे, मागे काळ्या पंख्यांसारखी अ‍ॅल्युमिनियमची पाठ आणि तिच्यावर लाडवासारखे गोल टोपीचे ट्रान्झिस्टर, टू एन थर्टी फिफ्टी-फाइव्ह. लहानपणी मला त्याला हात लावायची बंदी होती, कारण ती पाठ गाणं सुरू झालं की भाजायची.

बाबांनी चष्मा वर करून पट्टी हातात घेतली, वजन पाहिलं. "हलकी आहे." मग खाचांवरून अंगठा फिरवला. "पण काम बरं केलंय."

मी पॅडची एका बाजूची निळी पन्नी काढली आणि तो ड्राइव्हवर चिकटवला. वरच्या बाजूला आणखी एक पन्नी होती, पारदर्शक, घट्ट बसलेली, कडेला जरा सुटलेली म्हणून दिसली. सूचनेच्या कागदावर मुंगीच्या अक्षरात काहीतरी होतं, चित्रात बाण होते, त्यातून काही उलगडेना.

"हीसुद्धा काढायची का?" मी स्वतःशीच म्हटलं.

"काहून?" बाबा म्हणाले. "राहू दे. तोच तर तुझा मायका आहे."

आणि मग त्यांनी समजावलं. त्या ट्रान्झिस्टरची लोखंडी टोपी हाच त्याचा कलेक्टर. टोपीवर करंट, खाली अ‍ॅल्युमिनियम, ते टेकलं चेसिसला. सरळ कसला तर पहिल्याच गाण्याला फ्यूज. म्हणून मधे मायकाचा, म्हणजे अभ्रकाचा, कागदासारखा पातळ काप घालायचा, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावायची. उष्णता जाते, करंट जात नाही. "धातूला धातू कधी भिडवायचा नाही," बाबा म्हणाले. "मधे काहीतरी पाहिजेच."

चाळीस वर्षांच्या अनुभवाने बोलणारा माणूस, आणि पटण्यासारखं बोलणं. मी पन्नी ठेवली.

बाकीचं पटकन झालं. ट्रेमध्ये पातळ पॅड, त्यावर ड्राइव्ह, वरून अ‍ॅल्युमिनियम, बाजूने चार स्क्रू. त्यातला एक बोटांतून निसटून बोर्डाखाली गेला. बाबांनी न विचारता माळ्यावरून फुटका स्पीकर आणला, त्याच्या चुंबकावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दहा-बारा वेळा एकाच दिशेने घासलं आणि स्क्रू अलगद वर काढला. हे काम त्यांनी पैकीच्या पैकी मार्कांनी केलं, हे इथे नोंदवून ठेवते. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे पिळायचे, गाडीच्या चाकाच्या नटांसारखे, म्हणजे ड्राइव्हची पातळ पाटी वाकत नाही. हाताला अडलं की थांबायचं. मग तिरकं धरून स्लॉटात सरकवलं, खाली दाबलं, टोकाचा स्क्रू लावला, कार्ड बसवलं. कार्डाच्या पोटाखालून कागद सरकवून पाहिला, आरपार गेला. कणकेचं माप बरोबर होतं.

रात्री दहाला चाचणी. लिहिलेलं फुटेज पुसून तेच पुन्हा कॉपीला लावलं, शेजारी डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर सुरू केला, म्हणजे कार्डही तापावं. खोली ३४ अंश. सुरुवातीला आकडा ७४ वर रेंगाळला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून खूश झालो. चार मिनिटांनी ७८. मग ८१. मग ८५. आलेखावर करवत परत. आधीपेक्षा एक अंश जास्तच.

"कंपनी खराब आहे," बाबा म्हणाले.

मी कंपनीवर जाणारच होते. पण ती पहिली चार मिनिटं डोक्यात अडकली. हीटसिंक लावला की सुरुवातीला आकडा उशिरा चढतो, यात नवल नाही. जाड तवा तापायला वेळ घेतो तसं. पण तवा तापलाय हे हाताला कळतं. मी बाजूच्या फटीतून पट्टीला बोट लावलं तर ती कोमट. आत ८५ आणि वर कोमट. म्हणजे मधेच कुठेतरी उष्णता अडली होती.

अकरा वाजता पुन्हा प्लग, पुन्हा लाकडी चमचा, पुन्हा कार्ड बाहेर. चार स्क्रू काढले आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हातात आली ती कसलाही विरोध न करता, टेबलावरून पुस्तक उचलावं तशी. तिथेच कळलं. चांगला चिकटलेला पॅड सहजी सुटत नाही, जरा पिरगळून, हळूहळू सोडवावा लागतो, नाहीतर चिप उपटून यायची भीती. इथे पॅडने अ‍ॅल्युमिनियमला धरलंच नव्हतं. पन्नीवर दाबामुळे सुरकुत्या पडल्या होत्या, आणि प्रत्येक सुरकुतीत हवा. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा प्लास्टिक उष्णता वाहून न्यायला साधारण हजार पट वाईट, आणि अडकलेली हवा त्याहूनही वाईट. वर पट्टीचं झाकण बसल्याने ड्राइव्हला आधी जी थोडीफार वाऱ्याची झुळूक लागायची तीही बंद झाली. सदऱ्यावर स्वेटर चढवल्यासारखं.

बाबांचा मायकाचा सिद्धांत चुकीचा नव्हता, चुकीच्या ठिकाणी होता. थर्टी फिफ्टी-फाइव्हमध्ये टोपीच उघडी, म्हणून वेगळा अडसर लागायचा. इथे चिपा वरून काळ्या आवरणात बंद, आणि हा पॅड स्वतःच करंट न वाहणारा. मायकाचं आणि पेस्टचं, दोघांचं काम तो एकटाच करतो. पन्नी फक्त कारखान्यापासून घरापर्यंत त्याला धूळ लागू नये म्हणून.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी पन्नी उजेडात धरून पाहिली, मग म्हणाले, "एवढी पातळ पन्नी, अन् एवढा फरक?" आणि झोपायला गेले.

पन्नी काढल्यावर पॅडचा पृष्ठभाग बोटाला चिकटत होता, तसाच हवा. अ‍ॅल्युमिनियम पुसून बसवलं, स्क्रू पिळले, बाजूने टॉर्च मारून पाहिला. कंट्रोलरच्या कडेला उजेडाची रेघ नाही. मग तीच चाचणी, या वेळी फुटेज पुसून पुसून तीनदा, वीस मिनिटांच्या वर. आकडा ७१ वर जाऊन बसला आणि तिथून हलला नाही. नऊशेची पायरी होती, करवत गेली. पट्टीला बोट लावलं तर चटका बसला. इतक्या आनंदाने मी आजवर कधी भाजून घेतलेलं नाही.

आता ७१ म्हणजे चांगलं की वाईट? यावर मला थोडं बोलायचंय. परीक्षणांमध्ये ५५, ५८ असे आकडे वाचून आपला ७१ पाहिला की वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. पण त्या चाचण्या बावीस-पंचवीस अंशांच्या खोल्यांत होतात. हीटसिंक काही थंड करत नाही, तो फक्त हातातलं ओझं हवेच्या हातात देतो. हवाच ३४ ची असेल तर ती घेणार किती? म्हणून मी आता नुसता आकडा पाहत नाही, खोलीपेक्षा किती वर आहे ते पाहते. ७१ वजा ३४, म्हणजे ३७. हाच हिशेब पंचवीसच्या खोलीत ६२ च्या आसपास आला असता. हा हिशेब जमला की उगाच दुसरा, महागडा हीटसिंक आणायची खाज बसते.

आणि मग एक लाजिरवाणी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज कॅबिनेटची पुढची जाळी काढली. आतून ती करड्या गादीसारखी झाली होती. कुलरच्या वूडवूलचा भुसा, शहराची धूळ, आणि बोरच्या पाण्याचे पांढरे क्षार, सगळं एकत्र थापलं गेलेलं. पीसी माझ्या टेबलाच्या कप्प्यात होता आणि त्याचं तोंड थेट कुलरकडे, थंड हवा मिळावी म्हणून. हवा मिळायची, पण ओली, आणि सोबत हे सगळं. जाळी नळाखाली धुतली, कडक वाळवली, पीसी कप्प्यातून बाहेर काढून कुलरच्या झोतापासून बाजूला ठेवला. खोलीची गार हवा त्याला मिळेल, पण पाण्याचे तुषार नाहीत. चाचणी पुन्हा, ६५. फुकटात सहा अंश. हे आधी केलं असतं तर कदाचित कणकेचा गोळाही लागला नसता. पण कणकेचा गोळा ही जास्त चांगली गोष्ट आहे, हे मला मान्य आहे.

ज्यांचं काम मेल, एक्सेल आणि सिनेमे यांच्यापुरतं आहे त्यांनी यातलं काहीही करू नये. ड्राइव्ह काही सेकंद धावते आणि बसते, तिला घाम फुटत नाही. जाळी मात्र त्यांनीही धुवावी. आणि माझ्यासारख्यांनी, जे जुनी लग्नं एसएसडीत भरून कपाटात ठेवतात, त्यांनी एक लक्षात ठेवावं. चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीने, तिचं लिहिण्याचं आयुष्य संपत आलेलं असताना, बंद अवस्थेत ३० अंशांना एक वर्ष डेटा सांभाळावा अशी अपेक्षा आहे. नागपुरात तिसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात मेमध्ये ३० अंश कुठले? नव्या ड्राइव्हला एवढी भीती नाही, पण माझी जुनी लग्नं हार्ड डिस्कवर असतात, दोन प्रतींत, आणि एक प्रत खालच्या मजल्यावर काकूंकडे.

२८ तारखेला दुपारी कुलरचं पाणी संपलं. टाकी भरायची पाळी माझी होती, रेंडरच्या नादात विसरले. पंप कोरडा घरघरत राहिला आणि खोली ३८ वर गेली. घामाने माउस निसटत होता. ड्राइव्ह ७०. मी कपाळ पुसत त्या आकड्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला.

उमरेडचं लग्न १ जूनला दिलं. मावशींचा मेसेज आला, ड्रोनचे शॉट आणखी हवे होते. २ तारखेला नवतपा संपला तेव्हा सहज स्मार्टसीटीएल चालवलं. गंभीर मर्यादेवर शून्य. सावधगिरीच्या मर्यादेवर ४३१ मिनिटं. त्या पन्नीच्या रात्रीनंतर मी पाहिलं होतं तेव्हाही ४३१ च होतं, म्हणजे सगळ्या नवतपात त्यात एकाची भर पडली नव्हती. कॅबिनेटचं दार उघडून खडूने जुन्या ४१२ च्या खाली नवा आकडा लिहिला.

बाबा मागे उभे होते. त्यांनी दोन्ही आकडे वाचले, मनात वजाबाकी करताना त्यांचे ओठ हलतात.

"यातले माझे किती?"

"एकोणीस," मी म्हटलं.